गंगी घरी गेली

लोणावळ्याहून औंढ्याला जाणारी जीप मधेच पंक्चर झाली, आणि लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून मी धुक्यात उभी राहिले. डब्यातला बर्फ वितळेल म्हणून माझा जीव खालीवर होत होता. तेवढ्यात एक रुग्णवाहिका पुढ्यात येऊन थांबली.

"पेशंट कुटं हाय, सिस्टर?"

"पेशंट नाही. लस आहे."

"मंग बसा की! जपून न्यायची, वेळेत पोचवायची… लस बी पेशंटच."

तो कैलास. गाडी अशी चालवायचा, की मागे निजलेल्या बाईला खड्डा कळू नये. मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झालेली, त्यात स्वभावाने तिखट. आरशातून माझ्याकडे बघण्यापेक्षा रस्त्याकडे बघा, असं पहिल्याच दिवशी सुनावलं त्याला. तर म्हणतो कसा, "रस्ता पाठ हाय वो. नव्या तर तुमीच…"

पुढे गरोदर बायकांना तपासणीला आणायचं आणि परत सोडायचं, हे आम्ही दोघं मिळून करू लागलो. त्यातली एक गंगी. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा सावळा वलवणला बंगल्याच्या बागेत कामाला, आणि तिथेच मागच्या वाडीत त्यांची खोली. कैलासने तिला दोनदा त्या दारात सोडलं होतं.

"सिस्टर, तुमी गाडीत असल्या की ह्यो गानं म्हनतो," गंगी डोळे मिचकावून म्हणायची. "न्हाईतर निस्ता मुका!"

कैलासचे कान लाल व्हायचे. मी खिडकीबाहेर बघत राहायचे, पण हसू काही लपायचं नाही.

नवव्या महिन्यात ती आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. "सिस्टर, उद्या मी घरी चालले!"

घरी म्हणजे माहेरी, औंढ्याच्या वरच्या वाडीत. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे सांगायला का लागतं? मला लगेच कळलं. तिच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून कळ आली की आधी फोन कर, असं चारदा बजावलं. कार्डावर पत्ता मात्र वलवणचाच राहिला. तो बदलावा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी अकराला गंगीच्या आईचा, रंजनामावशीचा, फोन आला. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या. मी दुसऱ्या गावात बाळांना लस टोचत होते. तशीच बाजूला झाले आणि कैलासला फोन लावला.

"गंगीला आणायला जा. घरी आहे ती. उशीर नको."

"निघालोच. आन् सिस्टर… सांजच्याला चहा घ्याल का माज्यासंगं? एक इचारायचं व्हतं."

"आधी तिला आणा," म्हटलं, आणि हसले. ते हसणं आजही मला छळतं.

तो वलवणला गेला. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितल्यावर उलटा फिरला, तोवर लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्या खेटून उभ्या होत्या. सायरन वाजत राहिला, कुणी हललं नाही. मला फोन करावा, तर मी तोवर पुढच्या वस्तीवर, रेंजबाहेर गेले होते. वरच्या वाडीत तो सव्वा वाजता पोचला. मुलगी जन्मली होती. गंगीचं रक्त थांबत नव्हतं. खाली येताना, गाडीतच, ती गेली.

"घरी म्हनला व्हता तुमी," दवाखान्याच्या पायरीवर तो एवढंच म्हणाला. आवाजात राग असता तर मी भांडले असते. "मीच इचाराय पायजे व्हतं, कुटलं घर त्ये."

"चूक माझी आहे."

"न्हाई, माजी."

एरवी कशावरूनही भांडणारे आम्ही, त्या दिवशी यावरून भांडलो.

आता प्रत्येक कार्डावर मी आधी विचारून लिहिते, बाळंतपणाला कुठं असणार. आणि कुणाचाही फोन आला की कैलास पहिलं विचारतो, "कुटल्या घरी?" दर महिन्याला मी गंगीच्या मुलीचं वजन करते. रंजनामावशी पुढ्यात चहा ठेवते. मी कप तसाच ठेवून उठते.

दिवाळीनंतर कैलास मला भेटायला धरणाच्या काठी आला. त्याने दुसऱ्या तालुक्यात बदली मागून घेतली होती.

"सारिका…" पहिल्यांदाच नावाने हाक मारली त्याने. "त्या दिवशी इचारायचं व्हतं त्ये… माज्या घरी येशील?"

बोलून गेला, आणि त्याचाच चेहरा उतरला. तो शब्द आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला होता.

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "खूप. पण तुम्ही समोर आलात की मला ते कुलूप दिसतं… मी तर ते पाहिलंही नाही."

"मला बी त्येच दिसतं," तो म्हणाला. "तुमचा फोन वाजला की गाडी कडंला घ्यावी लागती."

आम्ही दोघंही रडलो, वेगवेगळ्या दिशांना बघत. मग मी डोळे पुसले.

"जा आता. उशीर होतोय. घरी जा."

तो वळला, आणि आता लागलेल्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुटल्या?"