चालू ठेवलेली जीप

छत्तीस वर्षं रिसोडात डिझेल गाड्यांची मिस्त्रीगिरी करतोय. भूत, करणी, लिंबू-मिरची असलं कोणी गॅरेजात बोललं की मी त्याला हाकलतो. इंजिनाला डिझेल मिळालं, हवा मिळाली, की त्याच्या बापालाही चालावं लागतं.

मंगळवारी सकाळी रिठदजवळच्या तांड्यावरून धनराजचा फोन आला. "इंद्रभानकाका, जीप चालू होऊन नाही राह्यली. याडीले लय दम लागला. वाशिमले न्या लागते. अ‍ॅम्ब्युलन्स दूर हाय म्हन्ते."

याडी म्हणजे त्याची आई, भुरीबाई. मी चहा तसाच टाकून निघालो. कारण गेल्या साली हाच फोन त्याच्या बापासाठी आला होता. गुलाबसिंगच्या छातीत दुखत होतं, आणि माझ्यापुढं दुसरं इंजिन उघडं पडलं होतं. मी फोनवरच निदान केलं. म्हटलं, "पाइपानं हवा धरली असंल, इंजिनावरचा हातपंप मारत राह्य, लागंल." धनराज तासभर पंप मारत राहिला आणि गुलाबसिंगनं मागच्या सीटवरच जीव सोडला. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागलं.

जीप घरापुढं उन्हात उभी होती. मागच्या सीटवर भुरीबाईला उशांना टेकवून बसवलं होतं. दर श्वासाला तिच्या गळ्याखाली खड्डा पडत होता. ओठ निळे झाले होते. तिची मुलगी मंजू पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण सायलेन्सरातून धुराची रेघही नाही. म्हणजे डिझेल पोचत नव्हतं. टाकीत होतं. हातपंप दाबला तर पोकळ. फिल्टरचा नट ढिला केला, थेंबही आला नाही. पाइप टाकीकडेच चोंदला होता.

अशा वेळी आम्ही पंपाकडून पाइप सोडतो आणि तोंडानं टाकीकडे फुंकतो. दुसऱ्यानं टाकीच्या तोंडाला कान लावायचा. गुडगुड ऐकू आली की रस्ता मोकळा. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही.

"मंजू, इकडं ये. कान लाव. गुडगुड आली का सांग."

फुंकलं. अडलं. छाती फुटेस्तोवर फुंकलं तेव्हा जरा सरकलं.

"आली का?"

"गुडगुड नाही, काका." तिनं कान काढला नाही. "अंदर कोनी तरी दम घेऊन राह्यलं."

"येडी झाली का तू?" मी खेकसलो. "उन्हानं टाकी तापते, वाफ मांगं ढकलते."

पुन्हा फुंकलं आणि तोंड तसंच ठेवलं. आतून हवा परत आली. कोमट. वाफ एकदा ढकलून थांबते. ही येत होती, थांबत होती, आणि मग माझ्या तोंडातून ओढून घेत होती.

"काका, फुकतच राहा," धनराज मागून म्हणाला. "याडीले बरं वाटून राह्यलं."

मान तिरपी करून पाहिलं. मी फुंकलं की भुरीबाईची छाती भरत होती. गळ्याखालचा खड्डा बुजला होता.

योगायोग असेल म्हणून मी थांबून पाहिलं. थांबायला नको होतं.

तिची छाती थांबली.

"काका!"

मी फुंकलं. ती हलली.

आता पाइप पंपाला जोडायचा तर तोंड काढावं लागणार होतं. "धनराज, चावीवर बस. म्या सांगतलं का मार."

सगळा श्वास त्या पाइपात ओतला, तोंड काढलं, पाइप बसवला, नट आवळला. भुरीबाईचे डोळे माझ्यावर होते आणि तिची छाती हलत नव्हती. हातपंप दाबला. या वेळी तो जड लागला, डिझेल आलं होतं. चार दाब, पाच, सहा.

"मार!"

दुसऱ्या फेऱ्याला इंजिनानं काळा धूर ओकला. मागं भुरीबाईनं लांबलचक श्वास ओढला.

वाशिमला दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका होता, वेळेवर आणलंत. मला रडू आलं. बाहेर धनराज इंजिन बंद करायची दोरी ओढायला गेला, तर मी त्याच्या हातावर फटका मारला.

आज शुक्रवार. जीप दवाखान्याच्या आवारात चालूच आहे. गेटवरचा माणूस दर तासाला ओरडतो, मी हात जोडतो. कॅननं डिझेल आणून चालू गाडीतच ओततो. सकाळी मंजूनं वरच्या खिडकीतून हाक मारली, "काका, याडी हासून-बोलून राह्यली. उद्या सुट्टी हाय. आता तरी बंद करा, जेवाले या."

तिला काय सांगू? मिस्त्री चळला म्हणतात, म्हणू देत. मी भितो, हे खरं आहे.

पण तेलाचा दाब उतरत चाललाय. तेल बदलायचं तर इंजिन बंद करावं लागतं, याला दुसरा इलाज नाही. दुपारपासून तिसऱ्या सिलिंडरात बारीक ठोका येतोय. मी बॉनेटला कान लावून बसलोय.

आत्ताच मंजू पुन्हा खिडकीत आली.

"काका, धनराजले वर पाठवा. याडीच्या छातीत काहीतरी ठोकून राह्यलं म्हन्ते."