एका शनिवारचे दोन पाठ

योएल झिराडकरने चांदीची दांडी उचलली, गुंडाळीवरच्या ओळीवर टेकवली आणि तो तसाच थांबला. चार महिने घोकलेली तेरा वचनं तिथे नव्हतीच.

"हं, कर सुरुवात," हसकेल आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही चुकीची जागा उघडलीत."

"मी?" आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, मी पंचावन्न वर्षं ही गुंडाळी उघडतोय. काय म्हणणार होतास, ते म्हण बघू."

योएलने पहिलं वचन म्हटलं. सूर लागला होता, उच्चारही स्वच्छ होते. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग हलकेच मान हलवली.

"गाडी झकास चालवतोस रे, पण थांबा चुकलास. हा पुढच्या शनिवारचा पाठ आहे."

रेवदंड्याजवळच्या त्या छोट्या गावात ज्यू लोकांची आता तीनच घरं उरली होती. सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) मात्र नीट राखलेलं होतं. हसकेल आजोबा तिथले हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. एरवी ते ठाण्याला मुलाकडे राहत. येत्या शनिवारी योएलची बार मित्झ्वा होती. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा त्या दिवशी सगळ्यांसमोर सेफर तोरा (धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी) वाचतो आणि मोठ्यांत मोजला जातो. तोरा क्रमाने वाचतात, दर शनिवारी पुढचा ठरलेला पाठ. त्यासाठी आजोबा रविवारी सकाळीच विजेच्या बोटीने येऊन पोहोचले होते.

योएलने खिशातून फोन काढला. "हे बघा. इथे तारीख टाकली की त्या दिवशीचा सण, सूर्यास्ताची वेळ, तोरेचा पाठ, सगळं येतं. येत्या शनिवारी 'बेहार' नावाचा पाठ आहे."

आजोबांनी भिंतीवरच्या छापील कॅलेंडरकडे बोट केलं. त्याच शनिवारच्या चौकोनात 'एमोर' लिहिलं होतं.

"एक तरी चूक असणार," योएल म्हणाला.

"भिंतीवरचं चूक नाही, एवढं मला ठाऊक आहे. का, ते विचारू नकोस. माझ्या वडिलांनी मला सांगितलं नव्हतं." आजोबा बाकावर बसले. "पुढच्या शनिवारी वाचला असतास तर हाच पाठ चालला असता. पण पुढच्या शनिवारी आणायची कुठून माणसं?"

खरी अडचण तीच होती. तोरेचं जाहीर वाचन करायला मिन्यान लागतं, म्हणजे निदान दहा प्रौढ पुरुष. योएलसाठी म्हणून मुंबई, पेण आणि पुण्याहून सहा जण येणार होते. गावातले बाबा आणि एक काका, शिवाय हसकेल आजोबा धरून नऊ. दहावा खुद्द योएल. पुढच्या आठवड्यात त्यांतले चौघे कामावर रुजू होणार होते.

आणि नवा पाठ पाच दिवसांत? गुंडाळीतल्या अक्षरांना काना, मात्रा, वेलांटी काही नसतं. नुसतं 'कमल' लिहिलेलं दिसलं, तर ते कमल, कोमल की कमाल, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावं लागतं. शिवाय प्रत्येक शब्दाचा सूर ठरलेला असतो, तोही तिथे लिहिलेला नसतो.

"तीन वचनं तरी करू आपण," आजोबा म्हणाले. "तेवढ्यानेही भागतं."

योएलने दांडी खाली ठेवली. चार महिन्यांची तेरा वचनं त्याच्या डोक्यात नुसतीच फिरत होती.

संध्याकाळी हदासा आत्याचा फोन आला. हदासा आत्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रावर काम करायची. तिथली घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांशी जुळती ठेवणं हे तिचं काम. तिच्याशी बोलताना एक पथ्य पाळावं लागे: बोलून झालं की थांबायचं.

"आत्या, एकाच शनिवारी दोन वेगळे पाठ कसे असतील?"

एक सेकंद, दोन, अडीच. मग पडद्यावरची आत्या हसली. "वा! काहीतरी बिनसलेलं दिसतंय. तुझं ते पंचांगाचं पान मला पाठव."

योएलने दुवा पाठवला. आत्याने तो उघडला आणि लगेच म्हणाली, "हा दुवा तुला कुणी दिला?"

"लिओरानं. तिच्या भावाची बार मित्झ्वा झाली ना, तेव्हा तिने हेच वापरलं होतं." लिओरा ही योएलची मावसबहीण. ती इस्राएलमधल्या अश्दोद शहरात राहायची.

"मग बरोबर! वर कोपऱ्यात बघ. स्थळ: अश्दोद. तिची निवड दुव्यासोबत तुझ्याकडे आली. तू तारीख बदललीस, गाव बदललंच नाहीस."

योएलने गाव बदललं. 'बेहार' गेलं आणि 'एमोर' आलं. त्याचे कान तापले. चार महिने, आणि एकदाही वर कोपऱ्यात बघितलं नव्हतं!

"पण तोरा तर एकच आहे," तो जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. "गावाप्रमाणे पाठ कशाला बदलतो?"

आत्याने पाण्याचा पेला हातात घेतला. "माझ्या हातात पेला आहे का?"

"आहे."

उत्तर पोहोचेपर्यंत तिने पेला खाली ठेवला होता. "नाही. तू 'आहे' म्हणालास तेव्हाच मी तो ठेवत होते. प्रकाशाला आणि रेडिओलहरींना चंद्रावरून तुझ्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो. तू नेहमी सव्वा सेकंद जुनी आत्या बघतोस. तू लांब आहेस, म्हणून माझी बातमी तुला उशिरा कळते. तुझ्या कोड्याची किल्ली इथेच आहे."

"म्हणजे अश्दोदची बातमी आपल्याला आठवडाभर उशिरा कळते?" योएलने चिडूनच विचारलं.

"आज नाही रे, पण एके काळी कळायची. आता सांग, चंद्राचा महिना किती दिवसांचा?"

"साधारण साडेएकोणतीस."

"पण अर्धा दिवस कॅलेंडरमध्ये ठेवता येत नाही. म्हणून ज्यू महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तीस. जुन्या काळी हे आधी ठरलेलं नसायचं. जेरुसलेममध्ये साक्षीदार येऊन सांगायचे, 'आम्ही नवी चंद्रकोर पाहिली', मग तिथली मोठी माणसं जाहीर करायची, आजपासून नवा महिना. ही बातमी घेऊन माणसं गावोगाव निघायची. आणि पेसाह (वल्हांडण सण) येतो पंधराव्या दिवशी. पंधरा दिवसांत माणूस चालून चालून किती लांब जाईल?"

योएलने मनात हिशेब केला. "तीनशे, चारशे किलोमीटर?"

"म्हण तसंच. त्यापलीकडच्या गावांनी काय करायचं? महिना एकोणतीसवर संपला की तिसावर, त्यांना ठाऊकच नाही. पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती."

या वेळी थांबला तो योएल. मग एकदम म्हणाला, "की चूक झालीच तर एकाच दिवसाची होईल! दोन दिवसांची होऊच शकत नाही!"

अडीच सेकंदांनी आत्याने टाळी वाजवली. "शाब्बास! याला आम्ही अनिश्चिततेची मर्यादा म्हणतो (चूक जास्तीत जास्त किती असू शकेल, त्याचं माप). मी घड्याळं जुळवते तीही अशीच. खरी वेळ नेमकी कळली नाही, तरी चूक केवढी असेल ते कळलं की काम भागतं. त्या लोकांनी सणाला एक दिवस जास्त जोडला. दोन्ही दिवस पाळले की त्यांतला एक बरोबर असणारच."

"पण आता तर सगळं गणिताने ठरतं. अमावास्या केव्हा, अधिक महिना केव्हा."

"ठरतं. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, सगळं पक्कं. यंदाही एक आलाय. तरी दूरच्यांनी तो जादा दिवस सोडला नाही. वाडवडिलांनी पाळला म्हणून तेही पाळतात. इस्राएलमध्ये पेसाह सात दिवस, आपल्याकडे आठ. आता तूच बघ, यंदाचा आठवा दिवस कोणत्या वारी आला?"

योएलने पान मागे सरकवलं. शनिवार! त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. त्या शनिवारी अश्दोदमध्ये सण संपला होता, तिथे नेहमीचा पाठ पुढे सरकला. इथे सण चालू होता, म्हणून सणाचा वेगळा पाठ वाचला गेला आणि नेहमीचा पाठ तिथेच थांबला. तेव्हापासून अश्दोद एक आठवडा पुढे होतं.

"म्हणजे दोन्ही कॅलेंडरं बरोबर," तो हळूच म्हणाला. "चुकलो फक्त मी."

"तू चुकलास, पण किती चुकलास तेही तुला आता ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "बरोब्बर एक आठवडा. तेवढ्यावरून काय करता येईल ते बघ. माझी कामाची वेळ झाली."

पडदा बंद झाला. योएल पान बघत बसला. आता स्थळ आपलं होतं. त्याने शनिवारवर बोट ठेवलं, तेव्हा खाली आणखी ओळी उघडल्या. सकाळ: एमोर. त्याखाली, दुपार: बेहार, पहिली तेरा वचनं.

त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि चपला न घालताच सिनेगॉगकडे धावला.

"आजोबा! शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याच्या पाठाची सुरुवात वाचतात?"

हसकेल आजोबा दिवा पुसत होते. त्यांचा हात थांबला. "मिन्हाला? दुपारच्या प्रार्थनेला? वाचतात की." ते एकदम खाली बसले. "अरे देवा. वाचतात! पण इथे वीस वर्षांत शनिवारची मिन्हा भरलेली नाही, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. सकाळी कसेबसे दहा जमतात, आणि जेवले की बोटीला पळतात."

"मग त्यांना थांबवायचं."

"तू थांबव. तोरा तू वाचणार आहेस."

योएलने सहा फोन केले. पाच जण कुरकुरत का होईना, कबूल झाले. पेणचे रूबेन काका मात्र अडून बसले. "दुपारी मला झोप लागते, बाळा. सिनेगॉगमध्ये घोरायला लागलो तर?"

"घोरा की, काका. मिन्यानमध्ये बसलेलं चालतं, झोपलेलं चालतं का ते आजोबांना विचारतो."

पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. "थांबतो बाबा, थांबतो! पण तुझ्या आईला सांग, मुक्काम करायचा तर गादी जाड हवी."

त्या पाच दिवसांत योएलने एमोरची तीन वचनंही पाठ केली, सकाळसाठी. शनिवारी सकाळी ती त्याने अडखळत वाचली. एकदा आजोबांनी कानात सूर सांगितला.

जेवणं झाली. आंब्याच्या साली परातीत गोळा झाल्या. तीनची बोट भोंगा वाजवून गेली. मग एकेक जण डोळे चोळत सिनेगॉगमध्ये आला. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, असा जुना रिवाज आहे. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, आणि प्रत्येकाकडे बघून एकेक शब्द उच्चारतात. हसकेल आजोबा रूबेन काकांपासून सुरू झाले. बाबांपाशी आठवा शब्द आला, स्वतःसाठी त्यांनी नववा घेतला. दहावा शब्द म्हणताना त्यांनी योएलकडे पाहिलं.

गुंडाळी काही रकाने पुढे सरकवली गेली. योएलने दांडी ओळीवर टेकवली. या वेळी अक्षरं ओळखीची होती. सहा वर्षं शेत पेरावं, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, असं ती सांगत होती. तेरा वचनं संपली तेव्हा खोलीत कुणीच घोरत नव्हतं.

"तर मग," बाहेर आल्यावर रूबेन काका म्हणाले, "आपण आणि ते अश्दोदवाले पुन्हा एकाच पाठावर कधी येणार?"

"जुलै संपता संपता," योएल म्हणाला. त्याने ते आधीच शोधून ठेवलं होतं. "तिकडे दोन शनिवारी दोन पाठ वाचतील. आपण ते दोन्ही एकाच शनिवारी वाचायचे, मग बरोबरी होते."

"दोन्ही एकदम? बापरे, केवढं वाचायचं! कोण वाचणार?"

योएलने हसकेल आजोबांकडे पाहिलं. आजोबा चष्म्याच्या काचा पुसत होते, पण त्यांचं लक्ष इकडेच होतं.

"अकरा आठवडे आहेत," योएल म्हणाला. "काका, तुम्ही याल ना तेव्हा?"

रूबेन काकांनी बाकीच्या सात जणांकडे वळून पाहिलं. "ऐकलंत का रे? जुलैचा शेवटचा शनिवार. आतापासून लिहून ठेवा."

"शनिवारी लिहायचं नसतं," आजोबा म्हणाले. "लक्षात ठेवा."