शेजारी-शेजारी, तरी पुढे कोण?

“नकाशेवाला घे, पनाय! रंगीत पडदा आहे, शिवाय गाणी वाजवतो!” च्युन-काइ दुकानाच्या काचेला नाक चिकटवून ओरडला.

“मला शर्यत जिंकायचीय, वरात नाही काढायची!” पनाय म्हणाली. तिने साधा, काळा, काडेपेटीएवढा सायकल-कॉम्प्युटर उचलला. पुढच्या चाकाच्या आरीला छोटं चुंबक लावायचं, चाक फिरलं की हा वेग आणि अंतर मोजणार. झालं!

“पण त्याला आधी चाक केवढं ते सांगावं लागतं,” युन-फेइने पुठ्ठ्यावरचं वाचलं. ती तिघांत लहान, पण तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही.

मग तिघांनी देवळाच्या फरशीवर उद्योग मांडला. टायरवर खडूची खूण केली. पनाय सायकलवर बसली आणि दोघांनी तिला धरून चाक बरोबर एक फेरा पुढे नेलं. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं आणि तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये भरला.

“एवढा खटाटोप कशाला?” च्युन-काइ हसला. “तुझी सायकल घरची म्हणून! शिबिराच्या बाकी सगळ्या सायकलींचे कॉम्प्युटर त्साई सरांनी एका दमात लावून टाकले!”

त्साई सर म्हणजे क्वानशानच्या उन्हाळी सायकल शिबिराचे प्रशिक्षक. मनाने चांगले, पण कामात ‘चलता है’! त्यांच्या टेबलावर कुरकुऱ्यांची हिरवी पुडी कायम ठेवलेली असायची. हिरवी पुडी शेजारी ठेवली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त त्या पुडीच्या भरवशावर सर पुन्हा तपासून बघायचं विसरायचे, एवढंच!

सरांनी सगळ्यांची हँडलंही खाली करून ठेवली होती. “हँडल खाली, वेग वर!” हे त्यांचं ब्रीदवाक्य. पनायच्या मात्र चार किलोमीटरांतच हाताला मुंग्या यायच्या. तिने हँडल थोडं वर घेतलं, मनगट सरळ राहील इतकं वळवलं आणि बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट केले.

“आज्जीबाईंची सायकल!” च्युन-काइने चिडवलं.

“रस्त्यावर भेट, मग सांगते आज्जीबाई कोण ते!”

निवड चाचणी शनिवारी सकाळी झाली. जिल्ह्याच्या संघात क्वानशानला एकच जागा होती. त्या जागेसाठी पनाय वर्षभर पहाटे उठून भातशेतांमधल्या रस्त्यावर घाम गाळत होती. एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडलं. च्युन-काइ तिच्या आधी सुटला होता. सुपारीच्या बागेपाशी पनायने त्याला गाठलं आणि “नमस्कार, आज्जीबाई!” म्हणत ती सुसाट पुढे निघून गेली.

सरांनी घड्याळ लावलंच नव्हतं. “घड्याळाचा जमाना गेला!” म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरचा सरासरी वेग वाचला आणि जाहीर केलं, “पहिला च्युन-काइ! पनाय... शेवटून दुसरी.”

पनायच्या पायांखालची जमीनच सरकली. “सर, मी त्याला ओलांडलं!”

“खरंच ओलांडलं, सर!” च्युन-काइ म्हणाला.

“मग पुढे जाऊन कुठेतरी सावलीत बसली असेल! यंत्र खोटं बोलत नाही. संध्याकाळी नाव कळवायचंय, आता वाद नको.”

पनाय पाण्याच्या पाटाच्या कडेला जाऊन बसली. रडायचं नाही असं ठरवूनही तिला रडू आलं. च्युन-काइ मान खाली घालून शेजारी बसला. “मला नकोय असली जागा,” तो पुटपुटला.

युन-फेइ मात्र दोघांचे कॉम्प्युटर बघत होती. “ए! रस्ता एकच ना? मग पनायचं अंतर बारा किलोमीटर आणि तुझं तेरा कसं रे? तू मध्येच मासे पकडायला गेला होतास का?”

“छट्! मी सरळच...” च्युन-काइ थबकला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांची नजर गेली सरांच्या उंच सायकलकडे.

“सरांचं चाक मोठं!” पनाय उडी मारून उठली. “त्यांनी स्वतःच्या चाकाचा आकडा सगळ्यांना लावलाय! आपली चाकं लहान!”

“नुसतं सांगून ऐकायचे नाहीत ते,” युन-फेइ डोळे मिचकावत म्हणाली. “थांबा, गंमत करते.”

ती तडक सरांकडे गेली. “सर, च्युन-काइ म्हणतो, तो तुमच्यापेक्षा जोरात सायकल चालवतो!”

“काय? कालचं पोर!” सरांनी लगेच शिरस्त्राण चढवलं.

“पण अट आहे! पनायसह तिघांनी खांद्याला खांदा लावून जायचं. कुणी इंचभर पुढे नाही, मागे नाही. मी ओरडले की आपापला वेग मोठ्याने सांगायचा!”

तिघं एका रांगेत निघाले. शिबिर भरवणाऱ्या क्लबचे अध्यक्ष हुआंग आजोबाही जेवणाचा डबा अर्धवट टाकून बघायला आले.

“आत्ता!” युन-फेइ किंचाळली.

“अठ्ठावीस!” सर ओरडले.

“अठ्ठावीस!” पनाय.

“तीस!” च्युन-काइ.

“अगंबाई!” युन-फेइने टाळ्या पिटल्या. “शेजारी-शेजारी, तरी हा पुढे? सर, तुम्ही दोघं सावलीत बसला होतात का?”

सगळं शिबिर खो-खो हसलं. सरांनी ब्रेक दाबला, खाली वाकून च्युन-काइचं चाक पाहिलं, मग स्वतःचं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “मी... सगळीकडे माझाच आकडा भरला की रे!”

“त्साई, कान पकड!” हुआंग आजोबा गरजले. “यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला खोटं शिकवलंस तर ते बिचारं काय करणार? चला, चाचणी पुन्हा. या वेळी घड्याळ माझ्या हातात!”

दुपार कलल्यावर पुन्हा एकेक जण सुटला, पनाय सगळ्यात शेवटी. तिने इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. मांड्या पेटल्या होत्या, श्वास छातीत मावत नव्हता, पण हात हँडलवर पक्के होते. रेषा ओलांडली तेव्हा आजोबांनी घड्याळाकडे एकदा पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं आणि हात वर केला. “सगळ्यांच्या पुढे! आणि थोडीथोडकी नाही!”

च्युन-काइने तिला मिठीच मारली. आजोबांनी त्याच्याही पाठीवर थाप दिली. “हातात आलेली जागा सोडलीस, पठ्ठ्या!”

“ती माझी नव्हतीच, आजोबा!”

त्साई सर पनायसमोर आले आणि खरोखर कान पकडून उभे राहिले. “चुकलो, पोरी.” मग सगळ्यांदेखत त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला.

“नाव लिहून घ्या. पनाय! हो, मुलगी आहे... नाही, कॉम्प्युटरवर वाचून नाही सांगत. माझ्या डोळ्यांनी पाहून सांगतोय!”