एका अक्षराला एकच जागा

अदिस अबाबात अराट किलोच्या चढावर माझं दुकान आहे. गीझ लिपीतली अक्षरं मी संगणकात बसवून देतो. गिऱ्हाइकं दोन प्रकारची, घाई करणारी आणि आशीर्वाद देणारी. दुसरी जास्त महाग पडतात.

अलेका वुबालेम आशीर्वाद देणारे. अलेका म्हणजे आमच्याकडे धर्मपंडित. ताना सरोवरातल्या एका बेटावर, मठात पोथ्या लिहून त्यांची बोटं वाकडी झालेली. त्यांच्या नातीच्या, नुनुशच्या, खऱ्या नावात एक अक्षर होतं, जे फक्त त्या बेटावर लिहीत. संगणक त्या जागी रिकामा चौकोन दाखवी आणि त्या चौकोनापायी कॉलेज तिला प्रवेश देत नव्हतं.

अलेकांनी अक्षर काढून दाखवलं. डावीकडचं वेटोळं उघडं. मग शेजारी तेच पुन्हा काढलं, वेटोळं मिटलेलं. बेटावरची रीत अशी की जिवंत माणसाच्या नावात ते उघडं ठेवायचं. माणूस गेलं की पोथी काढून एका फटकाऱ्यात मिटवायचं.

“दोन्ही बसव,” ते म्हणाले.

“अलेका, एका अक्षराला एकच जागा मिळते. कोण जिवंत, कोण मेलं, हे संगणकाला काय कळणार?”

“मग त्याला माणसांची नावं लिहायला का बसवता?”

नुनुश मला म्हणाली, “काका, वाद घालू नका. आजोबा तो रात्रीच्या जेवणापर्यंत पुरवतात.”

उघडं वेटोळं छपाई चुकल्यासारखं दिसे. मी मिटलेलं बसवलं.

नवा अक्षरसंच फोनांत, कचेऱ्यांत पोहोचला. कॉलेजातल्या बाईंनी नुनुशचं नाव पडद्यावर वाचलं, तिच्या शेजारी उभ्या अलेकांचा हात धरला आणि म्हणाल्या, देव तुम्हाला बळ देवो, वय तरी काय होतं पोरीचं. नुनुशने दुकानात येऊन त्यांची हुबेहूब नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो.

मग गल्लीतल्या बायका शोकाच्या पद्धतीने शाली गुंडाळून आल्या. मयत-मंडळाने दारात तंबू ठोकला. उकडलेले गहू-हरभरे वाटले गेले. नुनुश प्रत्येकासमोर जाऊन उभी राहिली. लोक तिला वळसा घालून अलेकांच्या गळ्यात पडत होते. जिने तिला आयुष्यात कधी कॉफी विचारली नव्हती, ती शेजारीण सगळ्यांत मोठ्याने रडत होती.

नुनुश माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

“काका, तुम्हाला तरी मी दिसते ना?”

“दिसतेस.” म्हणायला मला जरा उशीर झाला.

मी वेटोळं उघडलं आणि संच पुन्हा पाठवला. तंबू निघाला. इतके दिवस होतीस कुठे, असं शेजारणीने तिला विचारलं. तंबू कशाचा होता, ते कुणालाच आठवत नव्हतं.

एका दुपारी ती पुन्हा आली. समोरच्या खुर्चीत बसली.

“आजी आलीय.”

तिची आजी ती जन्मण्याआधीच गेलेली. नुनुशच्या नावातलं ते अक्षर आजीच्याच नावातून आलेलं.

नुनुश सांगत होती, चुलीपाशी बसते. बोलत नाही, नुसती खाते. कालपासून आजोबांचा हात धरलाय, तो सोडत नाही. बेटावरून फोन येतायत, तिकडे तर गेलेले पुष्कळ परत आलेत.

तेवढ्यात अलेकांचा फोन आला.

“मिटव,” ते हळूच म्हणाले.

“आणि नुनुश?”

पलीकडे बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येत होता.

“तरुण आहे. सवय होईल तिला.”

नुनुशने ऐकलं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

“काका, निदान आधी मला...”

मी मिटवलं.

फोनमधला आवाज थांबला.

समोरच्या खुर्चीची गादी दबलेली होती. कुणी गिऱ्हाईक बसून गेलं असेल. मी माझी पिशवी तिथे ठेवली. ती हळूहळू पुढे सरकत आली आणि खाली पडली.

मी उचलून पुन्हा ठेवली. या खेपेला जरा दाबून.