बासरीच्या मागचा श्वास

यात मी काहीही वाढवून सांगत नाही. जे नीट आठवत नाही, ते गाळलं आहे.

२७ फेब्रुवारी १९९४, रविवार. दुपारचे सव्वातीन. सिल्वासा, कंपनीच्या क्वार्टरचा पहिला मजला.

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ते खडोलीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. माणूस गेला की क्वार्टर सोडायची. नाशिकला जाणारा टेम्पो खाली भरत होता.

पलंग, कपाट, पडदे, सगळं उतरलं होतं. वर राहिली होती एक खुर्ची आणि बाबांचा सेट. स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर, डेक, दोन लाकडी स्पीकर.

त्यावरच त्यांनी मला ऐकायला शिकवलं. मी डोळे मिटून खुर्चीत बसायचे. ते माझ्या मागे.

"कीर्ती, बासरी कुठंय?"

"डावीकडे."

"किती लांब?"

"चार फूट... असेल."

"अंदाज भाजी घेताना कर. इथे ऐकून सांग."

आई आतून म्हणायची, "मला बाई एकच आवाज पारखता येतो. कुकरचा."

घरात टेप करणारे कायम बाबाच. त्यामुळे त्यांचा आवाज एकाही कॅसेटवर नव्हता. हे ते गेल्यावर लक्षात आलं.

सेट बांधण्याआधी मी एक कॅसेट लावली. बाबांचे मित्र उदयकाका याच खोलीत बासरी वाजवून गेले होते, तेव्हा टेप केलेली.

बासरी सुरू झाली. रिकाम्या खोलीत घुमायला लागली.

आणि मग...

एक श्वास.

आत घेताना बारीक शिट्टी. बाबांना दमा होता.

मला रडू आलं नाही. आनंद झाला. टेप करताना ते माईकजवळ बसले असणार. म्हणजे कॅसेटवर ते होते. नाशिकला नेता येण्यासारखे.

"आई, लवकर ये. बाबांचा श्वास आलाय टेपवर."

आई हात पुसत आली. दाराशीच थांबली.

सवयीने मी डोळे मिटले. बासरी समोर, डावीकडे.

श्वास...

समोर नव्हता.

दोन्ही स्पीकर समोर होते. श्वास माझ्या मागे होता. एवढ्या रिकाम्या खोलीत तो घुमतही नव्हता.

आवाज टेपवरचा की खोलीतला, अशी शंका आली तर बाबा सेटचा आवाज कमी करायला लावत. टेपवरचं सगळं एकदम बारीक होतं. खोलीतलं होत नाही.

मी बटण फिरवलं. बासरी बारीक झाली. आणखी बारीक. गेली.

श्वास होता.

तेवढाच.

मी वळले नाही. मनात एकच म्हणत होते, टेपवर असू दे.

"मला वाटलं, मलाच ऐकू येतो," आई हळूच म्हणाली. "रोज दुपारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आवरायला लागली होतीस ना."

खालून टेम्पोवाले अरविंदभाई ओरडले, "चालो बेन, घाट चढवानो छे."

आम्ही सेट उचलला. कुलूप मी लावलं. किल्ली ऑफिसात दिली.

नाशिकला ती कॅसेट किती वेळा ऐकली, सांगता येणार नाही. बासरी स्वच्छ येते. मागे पंख्याची घरघर येते. दुसरं काहीही नाही.

त्या क्वार्टरमध्ये पुढे कोण राहायला आलं, मी कधी विचारलं नाही.

परवा कॅसेट चालू असताना आईने विचारलं, "आपण निघालो, ते त्यांना कळलं असेल ना गं?"

मी सेट बंद केला.