क्लेमेंटची हाक

हसायचं तर हसा. त्या दिवशी सकाळी मीही हसतच निघाले होते.

शनिवारी माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, क्लेमेंटच्या, वर्षाचं जेवण होतं. सगळं गाव जेवून त्याला निरोप देणार, आणि माझ्या घरात नुसते वाळवलेले मासे! "मूसचं मांस नसेल तर माझा लेक जायचा नाही," सासूबाईंनी निक्षून सांगितलं. मूस म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं सांबर, ते काय घरबसल्या मिळतं? म्हणून गुरुवारी धाकट्या दिराला, हर्बीला, उठवलं आणि यूकॉन नदीतून होडी आतल्या तळ्याकडे घेतली.

तळ्यावर धुकं इतकं, की समोरचा हर्बी नुसता खोकल्यावरून कळायचा. कुजक्या पानांचा वास येत होता. हर्बीनं भूर्जसालीचा भोंगा तोंडाला लावला आणि नराला भुलवायला मूसच्या मादीसारखा हंबरला. सगळं सामसूम. तो पुन्हा हंबरला.

पलीकडच्या काठावरून उत्तर आलं.

अहो, ते कसलं उत्तर! दमेकऱ्याला ओकारी यावी तसा आवाज. अख्ख्या गावात अशी हाक घालणारा एकच माणूस होता. वीस वर्षं माझ्या नवऱ्यानं हाक घातली आणि वीस वर्षं मूस पळून गेले.

"वहिनी..." हर्बी कुजबुजला. "हा तर..."

"गप. नाव घेऊ नकोस."

"पण त्याला जाऊन..."

"वर्ष झालं, ठाऊक आहे मला! स्वैपाक मलाच करायचाय."

पुन्हा तीच हाक... आता जवळून. तेवढ्यात वाळुंजाची झुडपं मोडत भला थोरला नर बाहेर आला. त्या आवाजाला वैतागून आला असावा. हर्बी भोंगाच धरून बसला, म्हणून गोळी मीच घातली.

सोलून, तोडून मांस होडीत भरेपर्यंत दुपार टळली. हाक काही थांबेना. शेवटी रक्तानं माखलेल्या हातांनी मी ओरडले, "पुरे रे बाबा! दुसरा मिळाला तर वाहणार कोण? जिवंतपणी कधी एक मांडी तरी उचललीस?"

हाक थांबली. त्याचीच जास्त भीती वाटली.

परतताना होडी काठाला चार बोटं उरेपर्यंत बुडालेली, इंजिन धापा टाकत होतं. "मांसच जड आहे," हर्बी सारखा म्हणत होता, माझ्याकडे न बघता.

धक्क्यावर माणसं धावून आली. मांड्या, बरगड्या, मुंडकं, सगळं वर गेलं. हर्बी उतरला, मी उतरले. रिकामी होडी मात्र तशीच बुडालेली.

हर्बी पळालाच. मी थांबले. घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, उतर म्हणवेना. वर्षानं तो इतका जवळ आला होता.

"चल जेवायला..." शेवटी म्हणाले. "आई वाट बघतेय."

होडी हळूच वर आली.

शनिवारी गाव पोटभर जेवलं. क्लेमेंटचं ताट आम्ही आमच्या रीतीनं आगीत वाढलं, त्याला निरोप दिला, सासूबाई निवांत झोपल्या. रविवारी मी पाणी आणायला धक्क्यावर गेले. होडीत कोणी नव्हतं, काही नव्हतं. तरी ती, कोणी जेवून येऊन बसल्यासारखी, गुरुवारपेक्षा दोन बोटं जास्तच खाली बसली होती.