विष्णुपंतांची चित्रवही

एप्रिलमधल्या एका दुपारी मी कॅम्प चार या वस्तीतल्या स्टुडिओचं कुलूप उघडलं. काम साधंच होतं. चित्रकार विष्णुपंत जाऊन आठ महिने झाले होते आणि जागा रिकामी करायची होती. चावी देताना त्यांची मुलगी सुनेत्राताई म्हणाली होती, "राजसी, बाबांची चित्रवही तेवढी जपून आण."

वही मलाही हवी होती. पंत त्यात रोज स्टुडिओतलं एक रेखाचित्र काढायचे, खाली तारीख आणि एक ओळ. मी अकरा वर्षं त्यांची मदतनीस म्हणून तिथे राबले. बारवी धरणाची ती गाजलेली चित्रं माझी, सही त्यांची. वहीत एकदा तरी मी ईझलपुढे दिसेन, एवढाच पुरावा मला पुरे होता.

खालच्या जीन्सच्या कारखान्यातली मशीनं एकदम थांबली. त्या शांततेत टर्पेंटाइनचा वास आला. ताजा. आठ महिने बंद असलेल्या खोलीत.

वही टेबलावरच होती. मी पानं उलटली. चहाचे ग्लास, ब्रश, खिडकीतलं मांजर, सगळं होतं. मी नव्हते. बारवीच्या चित्रांपुढेही पंतच उभे, माझं स्टूल रिकामं. मांजराइतकीही जागा नाही.

मग ते गेले ती तारीख आली… आणि वही पुढे चालूच राहिली.

पुढच्या पानांवर माझं पालेगावचं घर होतं. तिथे मी कुणालाही न दाखवता केलेली नवी चित्रं, एकेक, हुबेहूब. अक्षर पंतांचंच. 'आज निळा जास्त झाला.' त्या दिवशी खरंच झाला होता.

मी वही ताईपुढे ठेवली. फोनमधली माझी चित्रंही दाखवली. "ताई, तारखा बघ…"

"शेवटी शेवटी बाबा तारखा चुकायचे गं." मग ती थंडपणे म्हणाली, "म्हणजे ही चित्रंसुद्धा बाबांचीच. तू नुसती उतरवलीस."

वही तिच्या कपाटात गेली. मी ब्रश सोडला. रंग कालवायला बसलं, की पाठीमागे कुणीतरी आजची ओळ लिहितंय असं वाटायचं.

परवा सकाळी ताईचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"राजसी… तू माझं चित्र काढतेयस का?"

"नाही. महिनाभर ब्रशला हात नाही लावला."

"वहीत नवं पान आलंय… कपाटाची चावी माझ्याकडेच आहे गं. पानात तू माझं चित्र काढतेयस. मी आडवी आहे… डोळे मिटलेले."

"तारीख?"

तिकडे पानाची सळसळ ऐकू आली.

"या रविवारची…"

आज शनिवार. संध्याकाळपासून ताई फोन उचलत नाहीये.